येताना घाट लागतो

टेंपो स्टँडवर भाडं मिळेपर्यंत बोलण्याशिवाय काम नसतं. म्हणून किस्से साचतात. आमच्या कर्जतच्या स्टँडवर हल्ली सगळे किस्से माझ्या ताईपाशी येऊन थांबतात. ताई नर्स आहे. तिला लंडनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. मी नववीतून शाळा सोडली, चारचौघांत बोलायला लाजतो. पण हे सांगताना आवाज आपोआप मोठा होतो.

*

तिकीट आलं त्या दिवशी मी मोबाईल सगळ्यांना दाखवला. मुंबईहून रात्री दोनला निघणार, लंडनला सकाळी सातला पोचणार. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर नाना म्हणाले, "पाच तास? एवढ्यात आपला टेंपो कोल्हापूरलापण पोचत नाय."

झालं. स्टँडच्या हिशेबाने लंडन कोल्हापूरच्या अलीकडे आलं.

*

घरी मात्र आईने सुट्टीला परत यायचं तिकीट विचारलं. तिकडून रात्री नऊला निघून इकडे सकाळी अकराला. चौदा तास!

आमच्या घरामागून रेल्वे जाते. गाडीला मागून जादा इंजिनं लागतात तेव्हाच ती घाट चढते, हे आई लग्न होऊन आल्यापासून बघते आहे. ती म्हणाली, "म्हणजे जायला उतार हाय आणि यायला घाट. खाली गेलेली पोर वर यायची कशी? नाय पाठवायची."

ताईने समजावलं, "अगं, तिकडचं घड्याळ मागं असतं. जाता-येता वेळ जवळपास सारखाच."

"घड्याळाचं मला नको सांगू."

*

मग नाना घरी आले. "वैनी, आपल्या घाटाखाली कुठली गाडी कायमची राहिली का?"

"तिला मागून इंजिन लागतं, भावजी."

"मग हिच्या मागं आमी नाय का?"

आईने उठून पापडाचं पीठ मळायला घेतलं. सकाळी ताईला बरोबर द्यायचे पापड अंगणात वाळत होते. ताईने ते पाहिले आणि बॅग भरायला घेतली.

*

ती गेल्यापासून नाना वरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाला हात करतात. एकदा विचारलं, "लंडनचं का रं?"

मी म्हटलं, "नागपूरचं असंल."

"असू दे. आपल्या पोरीला वळखत असंल."

*

सुट्टी जवळ आली तसा ताईचा फोन आला. "आई, तुला काय आणू?"

"काय नको. घाट हाय. मोकळी ये."

*

विमानतळावर आई, नाना आणि मी टेंपो घेऊन गेलो. ताई बाहेर आली ती दोन मोठ्या बॅगा ढकलत. मला वाटलं, आई आता ओरडणार. आई तिच्यासमोर थांबलीच नाही. वळसा घालून मागे गेली, ताईच्या पाठीला दोन्ही हात लावले आणि तिला ढकलत निघाली. लोक बघत होते. ताई म्हणाली, "आई, काय करतेस गं?"

आईने टेंपोपर्यंत हात काढले नाहीत. तिथे मात्र काढले आणि धापा टाकत म्हणाली, "हां. आलीस वर."