बाचा जबाब

फोन मीच केला होता. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी फॉरेस्टवाल्यांना भरपूर शिव्या घालणार आहे, आणि त्यातल्या एकदोन माझ्या वाट्याला आल्या तर माझी काही तक्रार नाही.

आमचं गाव टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. मी मुरबाडला एका कारखान्यात कामाला आहे, पण राहतो गावातच. शेती बा बघायचा. त्या वर्षी दसरा झाला, भात कापणीला आलं आणि डुकरांनी आमचं रस्त्यालगतचं खाचर लोळवून टाकलं. डुक्कर खातं थोडं, तुडवतं फार. पंचाहत्तरी ओलांडलेला बा वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून तीन वेळा फॉरेस्टच्या ऑफिसात गेला. पहिल्यांदा साहेब मीटिंगला गेले होते. दुसऱ्यांदा अर्जाला सातबारा जोडला नव्हता. तिसऱ्यांदा अर्ज घेतला आणि बजावलं की पंचनाम्याला माणूस येईपर्यंत शेताला हात लावायचा नाही. म्हणजे उरलेल्या लोंब्याही चिखलात गळू द्यायच्या. आम्ही आठ दिवस वाट बघितली. कोणी आलं नाही. विचारलं तर म्हणे गाडी नाही.

नवव्या दिवशी सकाळी त्याच खाचराच्या बांधाला एक भलंमोठं डुक्कर मरून पडलेलं दिसलं. माळशेजच्या रस्त्यावर कुठल्यातरी ट्रकने उडवलं असणार. एका बाजूच्या बरगड्या पार आत गेल्या होत्या, अंगावर दुसरी जखम नव्हती. शेजारचा शेतकरी म्हणाला, "काका, ओढ्यात लोटून द्या. उगाच लफडं नको."

"आपल्या हातानं पडलेलं नाय ते," बा म्हणाला. "आपन हात लावायचा नाय. सरकारचं जनावर हाय, सरकारला कळवा."

मी नंबर लावला.

बा असं का म्हणाला, हे कळायला आमच्याकडची एक रीत माहीत हवी. पूर्वी आमच्या गावाची एक वाघूर होती, म्हणजे शिकारीचं मोठं जाळं, अंबाडीच्या दोरीने विणलेलं. ते जपण्याचं काम आमच्या घराकडे होतं. शिमग्यानंतर सगळं गाव मिळून रानात जायचं, हाकारे रान उठवायचे आणि बा भाला घेऊन वाघुरीपाशी उभा राहायचा. जनावर पडलं की ते आधी गावदेवापुढे ठेवायचं आणि ज्याचा भाला लागला त्याने मोठ्याने सांगायचं, कुठे पडलं, नर की मादी, पहिला वार कोणाचा. वाढवून सांगायचं नाही, लपवायचं तर मुळीच नाही. शिकारीवर खोटं बोललं की वाघूर आंधळी होते, त्यात पुन्हा काही पडत नाही, असं मानायचे. नंतर घरटी वाटे पडायचे, त्यात विधवेचं घर पहिलं. कायदा तेव्हाही होता म्हणतात. असेल, पण तो डोंगर चढून आमच्याकडे आला नव्हता. पुढे आला आणि गावाने मुकाट्याने शिकार सोडली. त्यालाही पंचवीसेक वर्षं झाली. वाघूर माळ्यावर गेली ती खंडेनवमीला पूजेपुरती खाली यायची.

तर मी फोन केला आणि तासाभरात गाडी आली. आठ दिवस नसलेली गाडी, तीच, धुतलेली. तीतून नवीन बदलून आलेला एक तरुण साहेब आणि चारजण उतरले. लोळलेल्या भाताकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. साहेबाने डुकराचे फोटो काढले, मग डुकराशेजारी उभं राहून स्वतःचे काढून घेतले, आणि म्हणाला, "शेत कोणाचं? घर दाखवा."

घरात शिरले ते बूट घालून. माझी बायको चुलीपाशी होती, तिला उठवून बाहेर बसवलं. कणग्या उपसल्या, गोधड्या झटकल्या. शेवटी एकजण माळ्यावर चढला आणि वाघूर खाली टाकली. तिच्यावर अजून खंडेनवमीची हळद होती. साहेबाचा चेहरा असा फुलला की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग ओटीवर बाला बसवलं. साहेब एकदम गोड बोलायला लागला. "बाबा, हे जाळं कोणाचं?"

"आमचं. गावाचं हाय, पन ठेवनारे आमी."

"तुम्ही शिकार करायचात?"

मी बाला डोळ्यांनी खुणावलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत कोणी त्याला हे विचारलं नव्हतं, आणि विचारलं की खरं सांगायचं एवढंच त्याला ठाऊक होतं. तो ताठ बसला.

"केली ना. अकरा डुकरं माझ्या भाल्यानं पडली. सात नर, चार माद्या. ससे मोजले नाय."

आणि एकेक सांगायला लागला. डोंगरातल्या कुठल्या घळीत, म्हणजे आमच्याकडच्या खोंडीत, कुठल्या ओढ्याकाठी, कोण कोण बरोबर होतं. बरोबरचे सगळे मेले होते, फक्त एक सोबती उरला होता. गार्ड भराभर लिहीत होता. मध्येच साहेबाने विचारलं, "आणि हे बारावं?"

"ते माझं नाय," बा म्हणाला. "त्याला गाडी लागली."

अकरा लिहून घेतली, बाराव्याचं हे वाक्य तेवढं लिहिलं नाही. मी विचारलं, तर साहेब म्हणाला, "तुम्ही मध्ये बोललात तर सरकारी कामात अडथळा." बाने सही केली. चौथी शिकलेला माणूस, सही वळणदार करतो.

तिथूनच त्याला नेलं. गावच्या रस्त्यावरून, हातात दोरी बांधून. पाच दिवस माझा बाप कल्याणच्या जेलात होता. तिथे त्याला जेवण जाईना, कमरेचं दुखणं उठलं. आमच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी फार्महाऊसवर मोठमोठ्या गाड्या येतात, त्यात छऱ्याच्या बंदुका असतात आणि सोमवारी ओढ्यात सशांची कातडी सापडतात, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तिथल्या गेटमध्ये या साहेबाची गाडी शिरलेली मी बघितली आहे, पण झडतीला नाही, जेवायला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मला हे लिहिताना आजही दात खावेसे वाटतात. रान राखा, जरूर राखा, आम्हालाही रान हवंच आहे. पण जो माणूस स्वतःहून कळवतो त्यालाच धरायचं, तर उद्या कळवणार कोण?

जामीन झाला आणि तारखा सुरू झाल्या. वकील चांगला होता, पण त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "हा जबाब आपल्याला बुडवणार. बाबांनी सरळ म्हणायचं, मी जन्मात कधी शिकार केली नाही, जाळं कशाचं मला माहीत नाही, सही जबरदस्तीने घेतली."

"पन मी केलीय," बा म्हणाला.

"ते इथे बोलायचं नाही."

बाला ते जमेना. कोर्टाच्या व्हरांड्यात, चहाच्या टपरीवर, जीपमध्ये, मी त्याच्याकडून घोकून घ्यायचो. म्हण, कधीच नाही. तो म्हणायचा, "ह्या वेळची नाय केली." मी ओरडायचो. एकदा तर भर स्टँडवर, चार लोकांदेखत, मी बापाच्या अंगावर ओरडलो की तुझ्या अकरा डुकरांपायी घर बुडेल, तुझ्या फुशारकीची आम्हाला गरज नाही. त्यानंतर त्याने एकदाही चुकवलं नाही. कोर्टात विचारलं तेव्हा स्पष्ट म्हणाला, "मी कधी शिकार नाय केली." आवाज इतका साधा होता की मलाच धक्का बसला.

दोन वर्षांनी जनावरांच्या डॉक्टरचा अहवाल कागदांत सापडला. तो पहिल्या आठवड्यातच आला होता, कोणीतरी दाबून ठेवला होता. वाहनाच्या धडकेने मृत्यू. बा सुटला. साहेबाची तोवर बदली झाली होती, बढतीवर. वाघूर मुद्देमालात गेली, ती परत मिळाली नाही. मी गावात पेढे वाटले आणि मनात म्हटलं, संपलं एकदाचं.

यंदा धुळवडीच्या दिवशी दुपारी बाचा तो उरलेला सोबती काठी टेकत आमच्या ओटीवर आला. पूर्वीचा हाकाऱ्या. एकदा जखमी डुकराने त्याची मांडी फाडली होती, तेव्हा बाने त्याला खांद्यावर टाकून डोंगर उतरवलं होतं. ही गोष्ट मी लहानपणापासून दोघांच्या तोंडून ऐकत आलो. दरवर्षी या दिवशी ते ती सांगायचे आणि पहिला वार कोणाचा यावरून भांडायचे.

त्याने नेहमीसारखी सुरुवात केली. "त्या खोंडीत जवा डुक्कर माझ्यावर आला—"

"मला ठावं नाय," बा म्हणाला. "मी कधी शिकार नाय केली."

सोबती हसला. मग बाच्या तोंडाकडे बघून थांबला. मी म्हटलं, "बा, केस संपली. आता सांगितलंस तरी चालेल."

बाने माझ्याकडे बघितलं, तसं त्याने साहेबाकडेही बघितलं नव्हतं. "तूच शिकवलास ना," म्हणाला, आणि उठून आत जायला लागला.

सोबत्याने धोतर मांडीपर्यंत वर केलं. तो जुना व्रण उघडा करून तो बाच्या पाठीकडे बघत राहिला.

"मग मला घरी कोनी आनला रे?" त्याने विचारलं.

बा आत गेला होता.