बेल्ट लावला तरच लाइट

चिखलीचा देवानंद पत्र्याच्या शेडांची कामं घेतो. मागच्या उन्हाळ्यात एका गोदामाचे जुने पत्रे बदलताना त्याचा पाय उजेडासाठी बसवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर पडला. उन्हानं त्या पत्र्याचा पापड झाला होता, आणि धुळीमुळे तो शेजारच्या लोखंडी पत्र्यांसारखाच दिसत होता. देवानंद थेट खालच्या सोयाबीनच्या पोत्यांवर आला. खांदा मोडला. मालक धावत आले. त्यांनी आधी वरचं भोक पाहिलं, मग देवानंदला.

दवाखान्यातून तो बायकोला, धम्मशीलेला म्हणाला, "धाड गावच्या शेडाचं काम घेतलेलं हाय. माणसं करतीन. तू नुसती जाऊन बसत जा."

धम्मशीला बसायला गेली, पण जाताना सेफ्टी बेल्ट घेऊन गेली. पट्टा कमरेला आणि मांड्यांना आवळायचा, त्याचा दोर छताच्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे कैचीला, अडकवायचा. तुळशीराम सगळ्यात जुना कारागीर. त्यानं पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"वहिनी, हे बैलाचं सामान हाय. मी आजवर कधी पडलो नाही."

"हेबी कधी पडले नव्हते. आत्ता पडले."

माणसं तशीच वर गेली. धम्मशीलेला शिडी चढायची भीती वाटायची. तिनं विजेच्या बोर्डापाशी खुर्ची टाकली आणि बटन बंद केलं. वरचं ड्रिल थांबलं.

"वहिनी, लाइट गेली काय?"

"नाही. म्या बंद केली. बेल्ट लावा, देते."

"देवानंदभाऊले फोन लावतो मी!"

"लावा. एकाच हातानं उचलतीन, टाइम लागीन."

देवानंदनं तुळशीरामचं सगळं ऐकून घेतलं. "बटन कोनापाशी हाय?"

"वहिनीपाशी."

"मंग मी काय करू बे?"

दुपारपर्यंत सगळ्यांनी बेल्ट लावले. तुळशीराम त्यानंतर तिच्याशी बोलेना.

काम अर्ध्यावर आलं असताना एका दुपारी वावटळ सुटली. तुळशीरामच्या हातातला पत्रा वाऱ्यानं उचलला, आणि पत्र्याच्या झटक्यानं तुळशीराम कडेवरून गेला. पत्रा आवारात जाऊन आदळला. तुळशीराम भिंतीबाहेर दोराला लोंबकळत राहिला.

"वहिनी."

"काय?"

"मी लटकून राह्यलो."

"दिसते. हलू नका."

दुसरा कारागीर अविनाश वरून उतरला आणि त्यानं शिडी तुळशीरामच्या पायांखाली लावली. धम्मशीलेनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. खाली आल्यावर तुळशीराम मातीतच बसला. त्याला बक्कल सोडता येईना. तिनं सोडायला घेतलं, पण तिलाही जमेना. दोघं कितीतरी वेळ त्या एका बक्कलाशी झटत होते.

"माह्या घरी सांगू नका," तो म्हणाला.

"नाही सांगत. पानी प्या."

त्या दिवशी मग कुणीच वर गेलं नाही.

देवानंदचा खांदा जुळला, पण हात पुरता वर जात नाही. तो आता मापं घेतो, माल आणतो. साइट धम्मशीला पाहते. परवा पिंपळगाव राजा गावात नव्या शेडाच्या मालकानं तुळशीरामला विचारलं, "ठेकेदार कोण हाय?"

"त्या काय, खुर्चीवर बसल्या," तुळशीराम म्हणाला. "देवळावानी चप्पल बाहेर काढायची गरज नाही, पन जरा हळू बोला. बटन त्यायच्यापाशीच असते."