बैलतोंड्या आणि दोरा धरणारी मुलगी

बैलाचं तोंड मी सात वेळा काढलं आणि सातही वेळा ते गरीब निघालं. मॅडमना राक्षस पाहिजे होता.

मी ब्लाउजवरच्या आरीकामासाठी खाके बनवते. ट्रेसिंगचा कागद मधोमध दुमडायचा, अर्धी वेल काढायची, सुईने दोन्ही पदर एकदम टोचायचे. उघडला की पूर्ण नक्षी. शहराच्या कडेला बेसा वस्तीत राहणाऱ्या एक मॅडम ब्लाउज न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी माझा मोर पाहिला. "ताई, माझ्या पुस्तकासाठी चित्रं काढाल?" ग्रीस देशातल्या जुन्या गोष्टी त्या मुलांसाठी मराठीत लिहीत होत्या. मी मान हलवली. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. गोष्ट ओळीवर बोट ठेवून दोन दिवसांत वाचली. एका राजाने बैलाचं डोकं असलेला माणूस भूलभुलैयात कोंडलेला असतो. त्याला खायला तरणी पोरंपोरी आत सोडतात. एक राजपुत्र त्याला मारायला जातो. राजाची मुलगी त्याला सुताचा गुंडा देते, आणि त्या दोऱ्याचा माग धरून तो बाहेर येतो. मॅडमना दोन चित्रं हवी होती, राजपुत्राचं आणि बैलतोंड्याचं.

राजपुत्र काही जमेना. कागद दुमडून काढायची सवय, त्यामुळे त्याच्या दोन्ही हातांत तलवारी आल्या आणि तो देवळाच्या रखवालदारासारखा ताठ उभा राहिला. बैलाच्या शिंगांना तर मी नकळत पोळ्याचं बेगड लावलं. माझी जाऊ बघून म्हणाली, "काहून वं, हा माणसं खाऊन राहिला का पुरणपोळी?" खोडलं. आठव्यांदा नाकपुड्या फुगवल्या तेव्हा कुठे तो जरा रागावला.

पण माझा जीव त्या मुलीत अडकला होता. माझ्या माहेरी माग होते. दोरा हातात असला की पलीकडे काय चाललंय ते बोटांना कळतं. राजपुत्र आत गेल्यावर ती दारातच उभी असणार. दोरा ओढला गेला तर तो जिवंत, सैल पडला तर मेला. गोष्टीत मात्र तिने गुंडा दिला, एवढंच. कोणी सांगितलं नसताना मी तिला काढलं. कागद न दुमडता. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, अंगठ्याला दोऱ्याचा वेढा. एवढं चांगलं चित्र माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. लिहितानाही लाज वाटते, पण खरं आहे. ते पुस्तकात यावं असं मला फार वाटत होतं.

बेसाला गेले तेव्हा पिशवीत तिन्ही चित्रं होती. दोन काढून दिली.

"बैल झकास जमलाय, ताई. राजपुत्र मात्र लढत नाहीये, पाहुण्यांची वाट बघतोय!" मॅडम हसल्या, मीही हसले. मग त्यांनी स्वतःहून विचारलं, "अजून काही आणलंय का?"

मी म्हटलं, "नाही."

चहा प्यायले आणि घरी आले.

"दाखवलं?" जावेने विचारलं.

"नाही."

"तुले चावल्या असत्या का वं त्या?"

"त्यांनी मागितलं नव्हतं."

"मंग काढलं काहून?"

चार दिवस मी स्वतःवरच चरफडत होते. भाजी करपली, एक खाका उलटा टोचला. मॅडमसाठी मोबाइलवर बोलून निरोप भरायचे, स्वतःचा आवाज ऐकला की पुसायचे. शेवटी नुसता चित्राचा फोटो पाठवला.

संध्याकाळी उत्तर आलं, "किती सुंदर! आधी का नाही दाखवलंत? पानं कालच छपाईला गेली."

मॅडमवर रागावता येत नाही, त्यांनी विचारलं होतं. तेच जास्त लागतं.

पुस्तक आलं. बैलतोंड्या माझा आहे. राजपुत्र दुसऱ्या कोणीतरी कॉम्प्युटरवर काढलाय, छान धावतोय. त्याच्या मागे भूलभुलैयाचं दार आहे, दारात कोणी नाही. दोरा तिथल्या खांबाला बांधलाय. वाचणाऱ्या पोरांना आता वाटेल, तो सगळा वेळ दोरा खांबानेच धरला होता.