शेंदराखालचं भोक

आमच्या गावात वड कुणी तोडत नाही. कौतुकाने सांगत नाहीये. वडावर कुऱ्हाड घातली तर वंश बुडतो असं इथं सगळे मानतात, आणि काळजी असते ती वंशाची, वडाची नाही. म्हणून वड नको झाला की तो तोडायचा नसतो, मारायचा असतो. आपोआप वाळला असं दिसलं पाहिजे. आपोआप वाळलेल्या झाडाचं पाप कुणाच्याच दारात जात नाही.

आमचा वाटेवरचा वड माझ्या काकाने मारायला घेतला. सख्ख्या काकाने. त्याची समुद्राकडची जमीन मुंबईचा एक माणूस घेणार होता. तो मांडव्याला बोटीतून उतरायचा, पांढरे बूट घालून, आणि काकाला ‘अंकल’ म्हणायचा. त्याचं म्हणणं एवढंच, की बंगल्याचं गेट वडाच्या जागी येईल. वड उभा असेपर्यंत व्यवहार नाही.

मला पहिल्यांदा आला तो वास. खाडीतल्या तिवरांवर भराव टाकतात त्याविरुद्धची पत्रकं शेजारच्या थळ गावात वाटून मी परत येत होते. वडाच्या पारावर टेकले, तर हिंगाचा वास. भर दुपारी, जवळपास एक चूल नाही, आणि झाड फोडणीसारखं घमघमतंय. मी खोडाला नाक लावून कुत्र्यासारखी हुंगत फिरले. मागच्या अंगाला, दोन पारंब्यांच्या मध्ये, शेंदराचा एक गोळा थापलेला होता. त्यावर ताजी जास्वंद.

ही जुनी रीत आहे. खोडात गिरमिटाने खोल भोक पाडायचं, हिंग ठासायचा, चिखलाने बुजवायचं. हिंगाने झाड मरतं की नाही, मला माहीत नाही. काकालाही खात्री नसावी, कारण हिंगावर त्याने तणनाशक ओतलं होतं. शेंदूर मात्र त्याची स्वतःची भर. शेंदूर फासला की त्याला आमच्याकडे कुणी नख लावत नाही, आत काय आहे ते विचारत नाही. थोड्याच दिवसांत तिथे उदबत्ती लागली. मग नारळ.

मी काकाला ओटीवर गाठलं.

“काका, वडात हिंग तू भरलास ना?”

“मी कशाला? मला काय वडाची आमटी करायची हाय?”

“आणि परसातला तणनाशकाचा डबा? तो रिकामा कसा?”

“बांधावर मारलं. छाप की तुझ्या पत्रकात. काकाने गवताचा खून केला म्हणून.” तो हसला. मग हसायचा थांबला. “ऐक गो. तुझं शिक्षण झालं ते ह्या घराच्या जमिनीवर. वडावर न्हाय.”

शिक्षण जमिनीवर झालं, हे खरं. पण म्हणून वडातलं भोक खोटं ठरत नाही.

होळीपर्यंत वडाची एक बाजू नागडी झाली. मी ग्रामपंचायतीत गेले. तिथे मला शांतपणे विचारण्यात आलं, “तोडला कुणी?” तोडला नाही, मारतायत, म्हटलं. “मग तोडल्यावर या.”

वटपौर्णिमेला बायका नेहमीसारख्या आल्या. नथी, हिरव्या बांगड्या, आंबे, फणसाचे गरे. अर्ध्या मेलेल्या झाडाभोवती दोरा गुंडाळायला लागल्या. पुढे माझी काकी. सात जन्म हाच नवरा मिळू दे म्हणून. मी तिच्यासोबत चालत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “काकी, तू ज्याच्यासाठी दोरा गुंडाळतेस ना, त्यानेच ह्याला विष घातलंय.”

ती थांबलीसुद्धा नाही. “ठाऊक हाय,” म्हणाली. “बाजूला हो. दोरा अडकतोय.”

तेव्हा मी खिशातली स्कूटरची चावी काढली आणि शेंदूर खरवडला. खपली पडली, खालचा चिखल पडला, आणि भोक उघडं झालं. अंगठा जाईल एवढं, आतून काळं, हिंगाचा आणि औषधाचा असा वास मारणारं की जवळच्या बाईने पदर नाकाला लावला. मी म्हटलं, बघा. बघा ना! ह्या भोकाला नारळ वाढवलात तुम्ही.

कुणी बघितलं नाही. एकीने स्वतःच्याच गालात मारून घेतलं. दुसरी किंचाळली, “देव खरवडला गो हिने!” मागून कुणीतरी म्हणालं, “बिनलग्नाची ती, तिला काय वडाचं?” आणि लगेच तिसरी, “आता व्हायचंही न्हाय.” त्यावर हशा पिकला. मग माझी आई पुढे आली. तिने सगळ्यांपुढे हात जोडले, खाली बसली, पडलेला चिखल आणि शेंदूर बोटांनी गोळा केला आणि भोकात परत ठासून भरला. माझ्याकडे न बघता.

पावसात खोडाच्या बुडाला बुरशी आली. राखाडी, कानाच्या पाळ्यांसारखी, एकावर एक. आणि गाव एकदम सुटलं. गुन्हेगार मिळाला! “बुरशीने खाल्लाय, आतून कुजवलाय.” काकाच्या अर्जावरून तालुक्याहून पाहणीला आलेल्या साहेबांनी खोडावर पेनाने टकटक केलं आणि बुरशीकडे बोट दाखवलं. झाड पोकळ, धोकादायक. मी म्हटलं, साहेब, ही मागून आलीय, आधी भोक बघा. ते म्हणाले, “मॅडम, मी दिसतं ते लिहितो. शेंदूर काढायचं काम माझं नाही.”

याच पावसात हीच माणसं वारुळांवर अळंबी शोधत पहाटेपासून हिंडत होती. जागा एकमेकांना सांगत नाहीत, भांडतात, कालवणात मटणासारखी ओरपतात. तीही बुरशीच. तोंडात गेली तर अळंबी, आपलं पाप झाकायला लागली तर रोग. मेलेल्या लाकडावर येऊन ते परत मातीत घालणं, एवढंच ती करत होती. मारायचं काम आम्ही आधीच उरकलं होतं. आणि वड? तो एकतर देव, नाहीतर सरपण. शेजारी कधीच नव्हता. ‘झाडे लावा, झाडे सावली देतात’ हे मीही छापलंय. म्हणजे काय, तर देतात तोवर राहू दे.

परवानगी मिळाली. करवत घेऊन बाहेरची माणसं आली. गावातला एकही जण हात लावायला तयार नव्हता. काकाने नारळ फोडला, नमस्कार केला आणि लांब जाऊन उभा राहिला. पहिली मोठी फांदी पडली आणि कापल्या जागेतून पांढरा चीक भळाभळा वाहायला लागला. करवतवाल्याने यंत्र बंद केलं.

“शेठ, ही बाजू तर जिवंत आहे. पोकळ कुठंय?”

काकाचा चेहरा पडला. मला ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, “काका, करवत जिवंत वडावर पडली. आता वंशाचं बघ.”

“वंशात तूबी हायेस,” तो म्हणाला, आणि करवतवाल्याकडे वळला. “थांबलास कशाला? काप.”

दुपारपर्यंत वड आडवा झाला. मग बायका आल्या, त्याच, कोयते घेऊन. हिरवा पाला शेळ्यांना, वाळक्या फांद्या चुलीला. काकीने चांगला भारा बांधला. आईने एक लांबलचक फांदी निवडली, पानांनी गच्च भरलेली, तिला एकटीला ओढवेना.

“ते टोक धर,” ती मला म्हणाली.

मी धरलं नाही. तिने काकीला हाक मारली, आणि दोघी जावा फांदी उचलून, शेळ्यांना दोन दिवस पुरेल की तीन यावर बोलत घराकडे गेल्या.