समोरासमोरचे दोन दवाखाने

मुलांनो, तुमच्या आजीने वर्दीत असताना बरेच गुन्हे उघडकीस आणले. पण जुने काही आठवू लागले की आधी समोर येते ते एकच प्रकरण, आणि त्यात गुन्हा दाखलच झाला नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी निरीक्षक होते. गावात दोन मोठे दवाखाने, रस्त्याच्या दोन बाजूंना. एकाने ऑपरेशन सांगितले की फाइल घेऊन समोर जायचे. तिथेही तेच सांगितले तरच दाखल व्हायचे, ही तिथली रीत. आमच्या हवालदार नानांच्या पत्नीला गर्भाशय काढायला सांगितले, तेव्हा मीच म्हणाले, "नाना, घाई नको. समोर दाखवा."

समोरही तेच सांगितले. ऑपरेशन झाले. त्यानंतर ती बाई सावरलीच नाही. पुढे जळगावच्या एका वयस्क डॉक्टरांनी कागद पाहून विचारले, "आधी गोळ्या का नाही दिल्या?"

खबर दिली परटाने. तो दोन्हीकडच्या चादरी धुवायचा; कोणती कुठली हे कळायला चादरीवर त्या त्या दवाखान्याची खूण असायची. "मॅडम, पहिले दोन खुना व्हत्यात, आते एकच शे. बठ्ठं एकच शे!" बठ्ठं म्हणजे सगळं.

शेजारी उभ्या नानांनी विचारले, "म्हणजे आपण दोनदा एकालाच विचारलं?"

मी कागद मागवले. नानांची पत्नी आजारी पडण्याच्या आधीच दोन्ही दवाखाने एका कंपनीने घेतले होते. व्यवस्थापकाला ठाण्यात बोलावले.

"मालक एक असणं गुन्हा आहे का, मॅडम?"

"मग पाट्या दोन कशाला?"

"लोकांना दोन लागतात."

खोटे बोलणारा माणूस फार बोलतो. हा मोजके बोलला, कारण त्याला खोटे बोलायची गरजच नव्हती.

समोरचा डॉक्टर मात्र दुसऱ्या भेटीत ढासळला. "वेगळं लिहू नको असं कोणी सांगितलं नाही. पण त्याच मालकाच्या डॉक्टरला मी चूक कसं म्हणू?" हे मी जबाबात लिहून घेऊ लागले, तर त्याने सही नाकारली.

मी कागद तपासायला पाठवले, पण वैद्यकीय समितीने निष्काळजीपणा दिसत नाही असे कळवले. सरकारी वकील म्हणाले, "असं एकत्रीकरण पाहायला दिल्लीत स्पर्धा आयोग आहे. पण एवढ्या लहान व्यवहाराला त्याची परवानगीच लागत नाही. पोलिसांचं तर हे कामच नाही." तरीही नानांकडून अर्ज लिहून घेतला आणि पाठवला. त्याची पोच आली. मी निवृत्त होईपर्यंत तेवढेच हाती होते. दोन्ही पाट्या तशाच होत्या आणि लोक फाइल घेऊन रस्ता ओलांडत होते.

कायदा मोडल्याशिवायही माणसाचे सगळे काढून घेता येते, हे मला नोकरीच्या शेवटी कळले. तेव्हा माझ्याकडे त्यासाठी कलम नव्हते.

निरोपाच्या दिवशी नानांची पत्नी भिंतीचा आधार घेत आली. माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही समोरही दाखवलं होतं. आमच्याकडून काही राहिलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. तिच्या डोळ्यांकडे पाहणे मला जमले नाही.