जागेश्वरची संगणक कुंडली

पवनीच्या बाजाररस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आणि बरोबर समोर जागेश्वरचं रेडिओदुरुस्तीचं. सत्तर सालानंतरच्या काळात आजूबाजूच्या खेड्यांतले रेडिओ त्याच्याकडेच यायचे. तो मागचं झाकण काढायचा, आतला एक बारीकसा स्क्रू किंचित फिरवायचा, आणि इतका वेळ खरखरणारं नागपूर केंद्र एकदम स्वच्छ बोलायला लागायचं. गिऱ्हाईक खूश, जागेश्वर त्याहून खूश.

“यंत्र वाईट राहतच नाही केवळराम,” तो मला सांगायचा. “त्याले लावता आलं पाहिजे, बस.”

पुढे टीव्ही आले आणि रेडिओ माळ्यावर गेले. जागेश्वर हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. १९८८ च्या लगीनसराईआधी त्याने नागपूरला जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या बाबुलालकडून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. सोबत फ्लॉपीवर कुंडलीचा प्रोग्राम. रेडिओची पाटी उतरली आणि ‘संगणक कुंडली – त्वरित’ अशी नवी चढली. कुंडली इंग्रजी अक्षरांत छापून यायची. त्याची बायको रुखमा तिच्यावर ग्रहांची नावं मराठीत लिहून द्यायची.

लोक लोटले. पण ‘त्वरित’ हा शब्दच जागेश्वरला भोवला. जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकत राहायची. आत ग्रहांचं गणित चालू असायचं. माणसं बाकावर बसून पडद्याकडे बघायची, मग एकमेकांकडे बघायची, मग बाहेर जाऊन चहा पिऊन यायची, तरी रेघ आपली तिथेच. कुणीतरी म्हणायचंच, “का जी, झोपलं काय हे?” दुसरा त्यात भर घालायचा, “एवढ्या वेळात आपला मारोतराव महाराज पंचांग उघडून पत्रिका मांडून मोकळा होते.”

मारोतराव महाराजांचं घर त्याच रस्त्यावर, थोडं पुढे. हे बोलणं जागेश्वरला फार लागायचं.

त्याने बाबुलालला बोलावून घेतलं. मशीन सुरू होताना जी मूळ व्यवस्था आत चढते, डॉस म्हणतात तिला, तिच्या फ्लॉपीची नवी प्रत काढून त्यातल्या एका फाइलीत बाबुलालने काही आकडे वाढवले. आणि खरंच, प्रोग्राम पूर्वीपेक्षा लवकर उघडला. जागेश्वर रस्ता ओलांडून मला सांगायला धावत आला.

“चाल पाहाले! पळून राहिलं मशीन!”

मी जाऊन पाहिलं. प्रोग्राम लवकर उघडला, हे खरं. पण जन्मवेळ टाकल्यावर ती हिरवी रेघ पहिल्यासारखीच लुकलुकत बसली. त्याचा चेहरा पाहून मी आपला दुकानात परतलो.

मग त्याला नादच लागला. कधी कोपऱ्यात घड्याळ दाखवणारा छोटा प्रोग्राम काढून टाकायचा, कधी आकडे आणखी वाढवायचे. बाबुलालच्या सांगण्यावरून त्याने मशीनच्या मेमरीचाच एक तुकडा वेगळा काढून फ्लॉपीसारखा वापरायला घेतला. प्रत्येक बदलानंतर म्हणायचा, “आज जरा बरं चालून राहिलं.” गिऱ्हाईक कुरकुरलं की पुन्हा फाइलीतल्या त्याच ओळी खोडत बसायचा. रुखमावर चिडायचा, विजेवर चिडायचा. एकदा तर माझ्या शिलाई मशीनच्या आवाजावरही चिडला.

अशात एकोडीचे डोमाजी आले. त्यांच्या लेकीची, धुरपताची पत्रिका जुळवायची होती आणि मुलाकडचे पाहुणे पवनीतच एका नातेवाइकाकडे थांबले होते. जागेश्वरने त्याच सकाळी मेमरीचा तो तुकडा आणखी मोठा केला होता. त्याने प्रोग्राम सुरू केला, तर तो उघडेचना. मेमरी पुरत नाही, असं पडद्यावर आलं. मशीन बंद करून पुन्हा लावलं, तरी तेच. कोणती ओळ बदलली होती, तेही घाईत त्याला आठवेना.

“राहू द्या जी,” डोमाजी उठत म्हणाले. “पाव्हणे वाट पाहून राहिले.” आणि ते सरळ महाराजांच्या घराकडे चालू लागले.

जागेश्वर दारात उभा राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. दिवसभर तो जेवला नाही.

रात्री बसून त्याने ती ओळ शोधली आणि मेमरीचा तुकडा पूर्वीइतका केला. दुसऱ्या दिवशी रुखमानेच तोड काढली. “तुमी रोज म्हणता, बरं चालते. आता तुमचीच पत्रिका टाका. एकदा बाबुलालनं पहिल्यांदा देल्लेल्या फ्लॉपीवर, एकदा ह्या तुमच्या खटपटीच्या फ्लॉपीवर. जन्मवेळ टाकली का मी दोन्ही वेळा चहा ठेवते.” साक्षीदार म्हणून मला बोलावलं.

जुन्या फ्लॉपीवर चहाला उकळी आली, दूध पडलं, चहा गाळून कपात आला, तेव्हा कुठे छपाई सुरू झाली. नव्यावर प्रोग्राम झटकन उघडला, पण जन्मवेळ टाकल्यापासून पुढे सगळं तसंच. चहा गाळला आणि छपाई सुरू झाली.

“उघडाचा वेळ वाचला,” रुखमा म्हणाली. “ग्रहाले काही फरक नाही पडला.”

बाबुलाल आला तेव्हा जागेश्वरने त्याला बसूही दिलं नाही. “गणित कराची चाल वाढली काय? हो का नाही, तेवढं सांग.”

“गणित तर प्रोसेसरच करते ना भाऊ,” बाबुलाल म्हणाला. “तो जेवढा पळते, तेवढाच पळते. डॉसमध्ये काही करा, फ्लॉपी जरा लवकर वाचते. प्रोसेसर काही बदलत नाही.”

“मग इतके दिवस काहून नाही सांगितलं?”

“तुम्हीच म्हणत होते, अजून काही करून पाहा. मी करत गेलो. तुम्हाले फरक वाटत पण होता ना?”

वाटत तर होतंच. जागेश्वरला राग नेमका कुणावर काढावा कळेना. बाबुलाल गेल्यावर त्याने पहिले वाढवलेले आकडे तेवढे ठेवले, बाकी सगळं पुसलं आणि पाटीवरच्या ‘त्वरित’वर रंग फासला. आता जन्मवेळ देऊन जा, उद्या या, असं तो सांगू लागला. लोक म्हणाले, मग आपला महाराज काय वाईट? गर्दी ओसरली.

पावसाळ्यात स्वतः मारोतराव महाराजच त्याच्या दुकानाची पायरी चढले. “जागेश्वर, माहे डोळे आता पंचांगातल्या बारीक आकड्याले पुरत नाही. मी सकाळी जन्मवेळा पाठवत जाईन, तू ग्रह काढून ठेव. फळ मी सांगीन. मले काही घाई नाही.”

जागेश्वरच्या ओठांवर नकार आला होता. त्याच्या आधी रुखमा “हो जी” म्हणून मोकळी झाली.

तेव्हापासून मशीन दिवसभर चालायचं, पहिल्याइतकंच सावकाश. पण समोर बाकावर कुणी नसायचं, त्यामुळे कुणी कुरकुरत नव्हतं. घरात दोन वेळचं नीट भागत होतं. तरी जागेश्वरच्या कपाळावरची आठी गेली नाही. पुढच्या लगीनसराईत महाराजांच्या ओट्यावर माणसं मावेनात. जागेश्वर एका दुपारी माझ्या दुकानात येऊन बसला.

“लोकं काय म्हणून राहिले, ऐकलं? महाराजाचं गणित आताशा एकदम पक्कं झालं म्हणे.” तो थांबला. “कोणाचं गणित, केवळराम?”

मी काही बोलणार, तेवढ्यात समोर त्याच्या दुकानातला प्रिंटर कडकडायला लागला. “झालं एकदाचं,” असं पुटपुटत, शिव्या घालत जागेश्वर कागद फाडायला उठला.