कुलूपवाल्याची शेवटची पेटी

भांडण तसं चार-पाच वाक्यांचं. आक्का दुकानामागच्या खोलीत भाजी चिरत होती आणि मधे नुसती फळीची भिंत, तेव्हा ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येणारच. एका बाजूला तिचा धाकटा भाऊ, कुलूपवाला. दुसऱ्या बाजूला त्याचा एकुलता एक मुलगा.

"बाबा, मला नोकरी लागलीय, दुसऱ्या शहरात. जातोय मी."

"जा की. मी कुठे अडवतोय?"

"अडवत नाही, तेच तर."

मग बूट वाजले, दार लागलं आणि बघता बघता वीस वर्षं गेली. मुलगा वाईट नव्हता हो. फोन करायचा, तब्येत विचारायचा, औषधं पाठवायचा. पण घरी येऊन राहिला म्हणून नाही. आणि भावाने साऱ्या गावाची कुलपं उघडली, पण या बाबतीत एक अक्षर कधी तोंडातून काढलं नाही.

पुढे कुलपं दुरुस्त करून घेणारी माणसंच संपली. बिघडलं की फेकायचं, नवं आणायचं. तेव्हा एका मुलीने ते दुकान घेऊन तिथे एस्केप रूम थाटली. म्हणजे चार-सहा शहाण्यांनी आपणहून कोंडून घ्यायचं, चिठ्ठ्या शोधायच्या, एकामागून एक कुलपं उघडायची आणि तासाभरात बाहेर पडायचं. तिने गोष्ट अशी रचली होती की एक म्हातारा कुलूपवाला बेपत्ता झालाय आणि शेवटच्या पेटीत पत्र ठेवून गेलाय. भिंतीवर भावाच्याच कानशी, खुंटीला त्याचेच किल्ल्यांचे जुडगे. प्रत्येक खेळानंतर खोली पुन्हा मांडायलाही तोच.

"जिवंतपणी बेपत्ता केलंय मला," तो आक्काला म्हणायचा, "आणि वर माझ्याच दुकानात झाडू मारायला लावलाय."

मांडणी उलटी करायची असते. शेवटची पेटी आधी, पहिली चिठ्ठी शेवटी. ते त्याला दोन दिवसांत जमलं. एक मात्र जमेना. लावलेलं कुलूप एकदा उघडून बघितल्याशिवाय हातावेगळं करायचं नाही, ही त्याची जन्माची सवय. पेटीचं आकड्यांचं कुलूप तो असाच तपासायचा, पुन्हा लावायचा आणि जुळलेले आकडे तसेच ठेवून निघायचा. एकदा सहा जण आठ मिनिटांत बाहेर आले, वर तक्रार की मजा नाही आली.

"काका, कुलूप बंद हवं ना," मुलगी म्हणाली.

"अगं, बंदच असतं. पण वेळेला उघडेल की नाही, हे उघडल्याशिवाय कळायचं कसं?"

"शेवटी हातच लावू नका. बंद करा, आकडे फिरवा आणि सरळ बाहेर या."

त्यातच डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, जपा. आणि त्याच आठवड्यात मुलाचा फोन. एका दिवसासाठी येतोय, बायको आणि लेकीला घेऊन. लेकीला आजोबांच्या दुकानातला खेळ खेळायचाय.

त्या सकाळी भावाने पेटीतलं खेळातलं पत्र काढलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं ठेवलं. ठेवण्याआधी आक्काला दाखवलं, चुका बघायला. जणू ही मोठी पंडितच. "तुला अडवायला हवं होतं. जीभ वळली नाही. आता चार दिवस राहा." एवढंच.

"तोंडाने सांग की," आक्का म्हणाली.

"तोंडाने येत असतं तर वीस वर्षं लागली असती का, आक्का?"

आणि नेमकं त्या दिवशी त्याने दुकानवाल्या मुलीचं ऐकलं. पेटी लावली, आकडे फिरवले आणि उघडून न बघता बाहेर आला.

शेजारच्या खोलीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर आक्का आणि भाऊ बघत बसले. नात मोठी चुणचुणीत, चाळीस मिनिटांत शेवटच्या पेटीशी पोचली. आकडे लावले. कुलूप उघडेना. पुन्हा लावले. मग तिच्या बापाने लावले.

"आकडे बरोबर आहेत," भाऊ म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. "खटका हलला गं."

लावताना आतला खटका सरकला तर त्या कुलपाचा नंबरच बदलतो. म्हणून तर तो बापडा दर वेळी उघडून बघायचा.

तास संपला. गाडीची वेळ होत आली होती.

"हरवलंत आम्हाला, बाबा," मुलगा हसत म्हणाला. "काय होतं आत?"

भावाचे ओठ हलले.

"पत्र. खेळातलं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी बघ."

मुलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ ठेवला, आणि गेला. आक्काच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भावाची गोष्ट भावाने सांगावी म्हणून तिने गिळलं. ते तिला अजून पचलेलं नाही.

मग भावाने कुलपाला कान लावून, एकेक आकडा चाचपत ते उघडलं आणि पत्र खिशात घातलं.

"पोस्टात टाकू," आक्का म्हणाली.

"उद्या."

दुसऱ्या दिवशी ती चहाला हाक मारायला गेली तेव्हा तो अंथरुणातच गेलेला होता. मुलगा धावत आला. पत्र आक्कानेच त्याच्या हातात दिलं. त्याने उभ्या उभ्या वाचलं, "हे होतं त्या पेटीत?" एवढंच विचारलं आणि दुकानाच्या पायरीवर बसला. चार दिवस राहिला.

पण आदल्या संध्याकाळी, मुलाची गाडी गेल्यावरही, भावाने रोजचं काम चुकवलं नव्हतं. खोली मांडली, दार लावलं. दुकानाची जादा किल्ली दुकानवाल्या मुलीच्या घरी पोचवायची असे, तिसऱ्या मजल्यावर.

"आज राहू दे, मी देऊन येते," आक्का म्हणाली.

"तुझ्या गुडघ्यांवर? उद्यापर्यंत पोचशील."

ती मुलगी सांगते, त्याला धाप लागली होती, पण बसा म्हटलं तर बसला नाही. किल्ली दिली, उद्याचा पहिला खेळ कितीला ते विचारलं. दहाला, ती म्हणाली. मग साडेनऊला येतो, म्हणाला आणि कठड्याला धरून जिना उतरू लागला.